घरच्या संगणकाचा पुरेपूर उपयोग
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी या व्याख्यानाचे आमंत्रण दिले तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो होतो. ज्या सभेत आजवर शिक्षण, विवाहातील खर्च, सहकार अशा जिव्हाळ्याच्या विषयांवर विद्वानांनी विचार मांडले, त्या सभेत एका यंत्राच्या वापराविषयी बोलणे अप्रस्तुत ठरेल की काय, अशी शंका मनात आली. परंतु जुन्या नोंदवह्या, वधूवर-सूची आणि कुलवृत्तान्ताची साधने संगणकावर आणण्याचा ठराव मंडळाने संमत केला आहे, आणि हे काम कोणा एका कचेरीत नव्हे, तर आपणा सर्वांच्या घरांतील संगणकांवर व्हावयाचे आहे. तेव्हा त्या संगणकाची ओळख नीट करून घेणे हे आता ज्ञातिकार्यच झाले आहे, असे मानून आम्ही येथे उभे आहोत.

आम्ही या शास्त्राचे पंडित नव्हे. आयुष्यभर कचेरीत कागदांशी आणि नंतर संगणकाशी झटापट केलेले साधे गृहस्थ आहोत. जे काही शिकलो ते बहुधा चुकून शिकलो, आणि त्यांतील एका चुकीची किंमत फार मोठी होती. ती हकीकत ओघाने येईलच.

कोणत्याही घरी गेलो तरी एक तक्रार ऐकू येते: “संगणक जुना झाला, फार मंद चालतो, आता नवा घ्यावा म्हणतो.” या तक्रारीचा विचार करण्यापूर्वी एक जुनी गोष्ट आठवावी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या देशातील शास्त्रज्ञांनी व अभियंत्यांनी रचलेला ‘टिफ्रॅक’ नावाचा संगणक १९६० साली कामास लागला. त्याच्या स्मृतिकोशात प्रत्येकी ४० द्विमान अंकांचे २,०४८ शब्द मावत. म्हणजे आजच्या मापाने सुमारे १० किलोबाइट. आपल्या घरातील साधारण संगणकात ८ गिगाबाइट स्मृती असते, म्हणजे आठ लाख पटींहून अधिक! तेवढ्याशा स्मृतीवर शास्त्रज्ञ मोठमोठी गणिते सोडवीत, आणि आठ लाख पटींच्या यंत्रावर आपण लग्नाच्या याद्या व विजेची बिले करतो आणि यंत्र अपुरे पडते म्हणून कुरकुरतो. दोष बहुधा यंत्राच्या सामर्थ्यात नसतो, आपल्या व्यवस्थेत असतो, हेच आजच्या व्याख्यानाचे सूत्र आहे.

प्रथम मंदपणाचा विचार करू. यंत्र अडले की पुष्कळजण ते बंद करून पुन्हा चालू करतात, तरी गुण येत नाही. याचे कारण असे की, विंडोज प्रणालीच्या पुष्कळ संगणकांत ‘शट डाऊन’ केल्यावर यंत्र पूर्णपणे नव्याने सुरू होत नाही. लवकर जागे होता यावे म्हणून प्रणालीची काही स्थिती डिस्कवर राखून ठेवलेली असते. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र सर्व पाटी पुसली जाऊन नवा आरंभ होतो. म्हणून आठवड्यातून एकदा तरी ‘रीस्टार्ट’ करावे. अर्ध्या तक्रारी येथेच मिटतात, असा आमचा अनुभव आहे.

दुसरे असे की, संगणक सुरू होताच आपण न बोलावलेले अनेक कार्यक्रम त्याच्याबरोबर उठून बसतात. लग्नघरी आगंतुक पाहुणे पंगतीला आधी बसावेत आणि घरची माणसे उपाशी राहावीत, तसा हा प्रकार आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या असता ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यातील ‘स्टार्टअप’ या सदरात या पाहुण्यांची यादी असते. ज्याची नित्य गरज नाही तो बंद करावा. तो कार्यक्रम नष्ट होत नाही, बोलावल्यावर येतो. न बोलावता येत नाही, इतकेच. विषाणूंपासून रक्षण करणाऱ्या कार्यक्रमास मात्र हात लावू नये. त्याचप्रमाणे डिस्क काठोकाठ भरू देऊ नये. दहावा हिस्सा तरी मोकळा असावा.

एवढे करूनही यंत्र रखडत असेल, तर आत फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आहे काय हे जाणकाराकडून पाहून घ्यावे. अशा डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते, आणि हवी ती नोंद सापडण्यास दर वेळी सुमारे १० मिलिसेकंद लागतात. हा काळ क्षणार्धाहून कमी वाटतो, पण अशा हजारो नोंदी एकामागून एक शोधाव्या लागल्या की माणूस चहा करून परत येतो. तिच्या जागी ‘एसएसडी’ बसविली असता हलणारा भागच उरत नाही आणि हा शोध शंभर पटींनी जलद होतो. नव्या संगणकाच्या मानाने हा खर्च अल्प आहे, आणि आठ-दहा वर्षांचे यंत्रही त्याने तरुण होते. स्मृती ४ गिगाबाइट असेल आणि यंत्रात सोय असेल, तर ती ८ करून घ्यावी.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ‘विंडोज १०’ या प्रणालीचा सर्वसाधारण आधार तिच्या निर्मात्यांनी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपविला. जी यंत्रे पुढच्या आवृत्तीस पात्र नाहीत ती भंगारात काढावीत असे नाही. ‘लिनक्स’ ही १९९१ साली जन्मलेली प्रणाली विनामूल्य मिळते, आणि तिच्यावरील ‘लिब्रेऑफिस’ या संचाने पत्रे, हिशेब व याद्या ही सर्व कामे होतात. मात्र प्रणाली बदलण्यापूर्वी सर्व फाईली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात.

आता हातांच्या सवयींकडे वळू. जो मनुष्य प्रत्येक कामासाठी माउसकडे हात नेतो, तो विहिरीवर एकेक तांब्या घेऊन जाणाऱ्यासारखा आहे. थोड्या कळा पाठ केल्या तर श्रम निम्मे होतात. कंट्रोल व एस यांनी लिहिलेले जतन होते. दर परिच्छेदानंतर ही कळ दाबण्याची सवय लावावी. कंट्रोल व झेड यांनी नुकतीच झालेली चूक मागे घेता येते. घाबरून काही करण्याआधी प्रथम हीच कळ दाबावी. कंट्रोल व एफ यांनी लांब यादीतील एखादे नाव क्षणात सापडते. आल्ट व टॅब यांनी एका कामावरून दुसऱ्यावर जाता येते. विंडोज व व्ही या कळांनी पूर्वी उचललेले अनेक मजकूर एकत्र दिसतात. हा इतिहास प्रथम एकदा चालू करावा लागतो. विंडोज, शिफ्ट व एस यांनी पडद्याचा हवा तेवढा भाग टिपता येतो. वृद्ध मंडळींनी कंट्रोल व अधिक चिन्ह ही जोडी लक्षात ठेवावी. इंटरनेटवरील अक्षर तिने मोठे होते, आणि डोळ्यांचा पुष्कळ त्रास वाचतो. या कळा एका कागदावर लिहून यंत्राजवळ चिकटवाव्यात आणि आठवड्यास दोन प्रमाणे अंगवळणी पाडाव्यात.

परंतु बंधुभगिनींनो, वेग आणि सोय या गोष्टी गौण आहेत. संगणकावर आपण जे विश्वासाने सोपवितो, ते दहा-वीस वर्षांनी हाती लागेल काय, हा खरा प्रश्न आहे. येथे ती हकीकत सांगणे आम्हांस भाग आहे.

आमच्या तीर्थरूपांनी निवृत्तीनंतर अकरा वर्षे खपून घराण्याचा कुलवृत्तान्त जमविला. गावोगाव पत्रे धाडली, जेथून उत्तर आले नाही तेथे एसटीने स्वतः गेले. पहिल्या मसुद्यात रीतीप्रमाणे केवळ पुरुषांची नावे होती. तो पाहून आमच्या मातोश्री म्हणाल्या, “यात आम्ही कुठे आहोत?” ते शब्द त्यांना लागले. पुन्हा घरोघर जाऊन त्यांनी वृद्ध स्त्रियांना त्यांचे माहेरचे नाव, गाव आणि आईचे नाव विचारले. कित्येकींनी पन्नास वर्षांत ते नाव उच्चारलेसुद्धा नव्हते. तो दुसरा मसुदा आम्ही आमच्या संगणकावर उतरविला, आणि टंकलेखन झाले तेव्हा आता वह्यांचे काय काम, असे म्हणून घर बदलताना त्या वह्या आम्हीच रद्दीत घातल्या. २०११ साली एके सकाळी त्या संगणकाच्या डिस्कमधून टकटक असा आवाज आला आणि ती बंद पडली. जाणकारांनी खटपट केली, पण आतून काहीही निघाले नाही. दुसरी प्रत आम्ही कोठेही ठेवलेली नव्हती.

पुढे चुलत बंधूंच्या कपाटात पहिल्या मसुद्याची एक सीडी सापडली. मोठ्या आशेने ती उघडली, तो पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक खच दिसला. मजकूर जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटमध्ये होता आणि तो फाँट आता कोणाजवळ नव्हता. तो ओळखून मजकूर वाचनीय करण्यास काही महिने लागले. पुरुषांची नावे परत मिळाली. स्त्रियांची नावे गेली ती गेलीच. ज्यांना पुन्हा विचारावे, त्या माउल्यांपैकी बहुतेकजणी तोवर निवर्तल्या होत्या. तीर्थरूपांनी आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि तेच अधिक बोचते.

या हानीतून आम्ही तीन धडे घेतले. तेच आज आपल्या पदरात घालावयाचे आहेत.

पहिला धडा प्रतींचा. महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक तरी घराबाहेर असावी. एक प्रत संगणकात, दुसरी बाहेरून जोडावयाच्या डिस्कवर, आणि तिसरी इंटरनेटवरील साठ्यात किंवा परगावच्या मुलीच्या वा भावाच्या घरी, अशी व्यवस्था सर्वांस जमण्याजोगी आहे. बाहेरची डिस्क काम होताच काढून कपाटात ठेवावी. सतत जोडलेली राहिली, तर विषाणूने मूळ मजकूर बिघडविला की प्रतही बिघडते. जो साठा आपोआप संगणकाशी जुळवून घेतो, त्यावर सर्वस्वी विसंबू नये. आपण येथे फाईल पुसली की तेथूनही ती पुसली जाते. पेनड्राईव्ह ने-आण करण्यास चांगला, जतन करण्यास नव्हे. आणि सहा महिन्यांनी एकदा प्रत उघडून पाहावी. न तपासलेली प्रत म्हणजे किल्ली हरवलेली तिजोरी होय. मूळ कागद तर कधीही टाकू नयेत.

दुसरा धडा लिपीचा. जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षरांची चित्रे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसविलेली असत. डोळ्यांस मराठी दिसे, पण यंत्राच्या लेखी ते इंग्रजीच असे. म्हणून फाँट गेला की भाषा गेली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरीच्या प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक मिळाला. ‘क’ चा क्रमांक २३२५. तो कोणत्याही देशात, कोणत्याही यंत्रावर ‘क’ च राहतो. युनिकोडमध्ये लिहिलेले नाव शोधता येते, वर्णानुक्रमे लावता येते, फोनवर धाडता येते. यास्तव मंडळाचे कोणतेही काम युनिकोडमध्येच करावे, अशी आमची हात जोडून विनंती आहे. ज्यांच्याजवळ जुन्या फाँटमधील मजकूर आहे, त्यांनी तो फाँट उपलब्ध असेतोवर रूपांतर करून घ्यावे. त्यासाठी कार्यक्रम मिळतात. परंतु रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी येथे चुका राहतात, म्हणून मुळाशी ताडून पाहावे.

मराठी टंकलेखन अवघड आहे, ही समजूत खरी नाही. विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की विंडोज व स्पेस या कळांनी भाषा बदलते. ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलकात स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत. ‘क’ च्याच कळेवर शिफ्टसह ‘ख’, ‘ग’ च्या कळेवर ‘घ’, ‘ल’ च्या कळेवर ‘ळ’ अशी योजना आपल्या वर्णमालेस धरून आहे. रोज अर्धा तास दिला तर काही आठवड्यांत हात बसतो. ज्यांस ते नको, त्यांनी उच्चाराप्रमाणे लिहिण्याचा फोनेटिक कळफलक घ्यावा. आणि ज्यांची बोटे आता वळत नाहीत, त्यांनी गूगलच्या सोयीने मराठीत बोलावे. ते ऐकून मजकूर उमटतो. आजींच्या आठवणी उतरवून घेण्यास याहून सोपे साधन नाही. विशेषनामे मात्र नंतर तपासावीत.

तिसरा धडा नावांचा. ‘नवीन’, ‘नवीन २’, ‘शेवटचे’, ‘खरोखर शेवटचे’ अशी नावे दिलेल्या फाईली आम्ही अनेक संगणकांवर पाहिल्या आहेत. फाईलच्या नावात प्रथम वर्ष, मग महिना, मग दिवस आणि त्यानंतर विषय लिहावा: ‘२०२४-०५-१२ मुंज निमंत्रितांची यादी’. अंक नेहमी एकाच लिपीतील वापरले की फाईली आपोआप कालक्रमाने लागतात. घराण्याचे कागद, पैशाचे व्यवहार, छायाचित्रे आणि मंडळाचे काम असे चारच मोठे फोल्डर पुरेत. डेस्कटॉप म्हणजे घराची ओसरी. तेथे आलेली वस्तू त्याच दिवशी आत नेऊन ठेवावी.

जुनी कागदपत्रे स्कॅन करताना इंचास ३०० बिंदू आणि लहान छायाचित्रांसाठी ६०० बिंदू हे प्रमाण ठेवावे. छायाचित्रातील व्यक्तींची नावे डावीकडून उजवीकडे लगेच लिहून ठेवावीत, कारण ती सांगणारी माणसे थोडी उरली आहेत. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने पाठविलेले छायाचित्र लहान होते आणि त्याचा बारकावा जातो. म्हणून मंडळाकडे धाडताना ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे.

शेवटी दाराच्या कुलपाविषयी दोन शब्द. सर्व ठिकाणी एकच पासवर्ड ठेवणे म्हणजे घर, दुकान आणि तिजोरी यांस एकच किल्ली करणे होय. पासवर्ड लांब असावा. परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडले तर तो लक्षातही राहतो. जेथे दुसरी खूण मागण्याची सोय आहे, तेथे ती चालू करावी. पासवर्ड एका वहीत लिहून ती महत्त्वाच्या कागदांबरोबर कपाटात ठेवावी आणि घरातील एका विश्वासू माणसास तिची जागा सांगून ठेवावी. कर्त्या पुरुषाच्या मागे घरच्यांना त्याचा संगणक उघडता येऊ नये, असे घडता कामा नये. “तुमच्या संगणकात विषाणू आहे”, “तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे” असे कोणी दूरध्वनीवरून सांगितले, तर त्याचे काहीही न ऐकता फोन ठेवावा. अशी अटक कायद्यात नाही. कोणा अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून आपला पडदा त्यास दिसेल असा कार्यक्रम घेऊ नये. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जितके लवकर कळवू, तितकी पैसे अडविण्याची शक्यता अधिक.

बंधुभगिनींनो, आम्ही सांगितलेल्या गोष्टींपैकी एकही गोष्ट विशेष बुद्धीची नाही. घर झाडणे, धान्य निवडणे, कागद जपून ठेवणे या ज्या सवयी आपल्या घरांतील स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळल्या, त्याच या यंत्रास लागू करावयाच्या आहेत. दिवाळीपूर्वी आपण घर साफ करतो. त्याच आठवड्यात एक दुपार संगणकासाठी राखून ठेवावी. नको ते काढावे, हवे ते नीट लावावे आणि प्रत करून कपाटात ठेवावी.

आणि त्याच दुपारी आणखी एक काम करावे, ही आमची आग्रहाची विनंती आहे. घरात जी सर्वांत वृद्ध स्त्री असेल, तिच्याजवळ बसून तिचे माहेरचे नाव, गाव, आईचे नाव आणि आजीचे नाव विचारावे. युनिकोडमध्ये लिहावे, तिला वाचून दाखवावे आणि तीन ठिकाणी ठेवावे. आमच्या घराण्याच्या वृत्तान्तात ती पाने कोरी राहिली. आपल्या ज्ञातीच्या कुलवृत्तान्तात ती भरलेली असली, तर आमच्या चुकीचा काही उपयोग झाला असे आम्ही समजू.